दुसऱ्या ओळीनंतर

इलाने दोन्ही हात ऑर्गनच्या पट्ट्यांवरून उचलले. गाणारे सगळे तिसऱ्या ओळीत शिरले होते आणि खर्जातला एक आवाज अजून दुसरीच्याच टोकाला उभा होता. तो तिच्या बाबांचा होता.

“बाबा, तिथे रेस्ट नाहीये. सरळ पुढे जायचं.”

“हो, हो,” कुमार म्हणाले आणि चूक छापणाऱ्याची असावी तसं पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागले.

पुन्हा सुरुवात केली, आणि ये रे माझ्या मागल्या. पुढच्या कडव्यातही तेच. बाबांच्या शेजारचा उंच गृहस्थ अडखळला, त्याच्यामागे बायका अडखळल्या, आणि जुन्या संथ चालीचा पार विचका झाला.

नेपरव्हिलचं हे एपिस्कोपल चर्च म्हणजे आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळीचंच अमेरिकी भावंड. त्याला दीडशे वर्षं होत होती, म्हणून रविवारची सायंप्रार्थना जुन्या पद्धतीने, जुन्या चालींवर व्हायची होती. इला इथे तात्पुरती ऑर्गनवादक. ती उपासना ऐकून तिला कायम करायचं की नाही हे समिती ठरवणार होती. इलाला ही नोकरी हवी होती, दुसरी कुठलीच नको होती. खर्जाला माणूस मिळेना म्हणून तिनेच बाबांना गायला आणलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

घरी जाताना गाडी ती चालवत होती. रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग होते.

“बाबा, सिरियसली, मुद्दाम करता का?”

“मुद्दाम कशाला? तिथे थांबतात.”

“कोण थांबतं?”

“मंडळी. आपल्या नगरच्या चर्चमध्ये. चाल हीच, शब्द मराठी.” कुमारांनी सीटबेल्ट जरा सैल केला. “ऑर्गनचा भाता हाताने मारायला लागायचा ना, तो तुझे आजोबा मारायचे. सकाळी आधी साहेब लोकांची इंग्रजी उपासना. तिला भात्यावर दोघं असायचे. मग आपली मराठी. तिला आजोबा एकटे, आणि ते आधीच दमलेले. दुसऱ्या ओळीपर्यंत हवा पुरायची. मग त्यांचा दम परत येईपर्यंत मंडळी थांबायची. साहेब गेले, तरी भात्यावर माणूस एकच राहिला.”

“आणि नंतर?”

“मी कॉलेजात असताना मोटर बसली. आजोबाही गेले त्याच वर्षी. पण थांबायचं कोणी सोडलं नाही.”

“इथे मोटर आहे, बाबा. आणि माझा जॉब ऑन द लाइन आहे.”

कुमारांनी सीटबेल्ट पुन्हा घट्ट केला.

“नाही थांबणार,” ते म्हणाले.

इलाला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला बाबांचा राग आला, मराठी उपासनेला दुसरा माणूस ज्यांना देववला नाही त्या साहेबांचा आला, आणि त्यांच्या कंजूषपणाची भरपाई आपल्या रविवारी व्हावी याचा सगळ्यात जास्त आला.

रविवारी बाबा खरंच थांबले नाहीत. दुसरी ओळ संपत आली की ते पुस्तकातून मान वर काढत आणि इलाकडे बघत तिसरीत उतरत. एकेक कडवं असं नीट पार पडलं. समितीची माणसं पहिल्या बाकावर बसली होती. शेवटच्या कडव्याला इलाचे खांदे सकाळपासून पहिल्यांदाच सैल झाले.

हे गीत ती सूर वाचायला शिकण्याच्या आधी, बाबांच्या मांडीवर बसून शिकली होती. दुसरी ओळ संपली आणि तिचे हात आपसूक वर आले.

गाणारे तिच्या हातांकडे बघून थबकले. फक्त कुमारांचा आवाज शब्द पाळत तिसऱ्या ओळीत गेला आणि एक शब्द उच्चारून एकटाच राहिला. मग तोही थांबला. ऑर्गनच्या पोटात मोटर घरघरत होती, हवा हवी तेवढी होती. इलाने श्वास घेतला, मगच हात खाली आणले.

उपासनेनंतर समितीच्या अध्यक्षबाईंनी हात मिळवला. शेवटच्या कडव्यापर्यंत सुंदरच झालं, म्हणाल्या, आणि लगबगीने कॉफीच्या टेबलाकडे वळल्या.

गाडीत बसल्यावर इलाने किल्ली फिरवली नाही. बाबा आता ‘मी थांबलो नव्हतो हं’ म्हणतील, आणि म्हटलं तर आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं.

कुमारांनी मफलर सोडून मांडीवर घेतला, त्याची घडी घातली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुला दम लागला होता, आणि मी एकटाच पुढे गेलो.”