वरचं दादाचं

"तिसरं सील ना हे, मिस्त्री? आता सील बदलू नका, तुमच्या दादाची समजूत काढा."

ड्रायव्हर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. वहिनी मागेच उभी होती.

मिस्त्री ट्रकखाली सरपटला. फेरी मारून आलेली गाडी अजून तापलेली होती.

गाडी दादाची. शेवटच्या खेपेला रस्त्यावर चढलेल्या पुरातून त्याने ती घरी आणली, रात्री झोपला, तो उठलाच नाही. तेव्हापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या तोंडाशी तेल गळायला लागलं. दोन ड्रायव्हर सोडून गेले. गाडीत तो आहे, म्हणाले, त्याचा पाय निघत नाही. वहिनीने ऐकून घेतलं. या फेरीतही गाडी गळली तर दुपारी भंगारवाला येणार होता. मग घर कशावर चालणार, हे तिने दिराला विचारलं नव्हतं.

पहिलं सील, तेल अडवणारी रबरी कडी. जुनं कडक पडलं होतं. बदललं. गळलं.

दुसरं. सील बसतं त्या लोखंडावर नख फिरवून पाहिलं. खाच नाही, गुळगुळीत. बदललं. गळलं.

तिसरं बसवून काल सगळं डिझेलने धुतलं, पुसून

(याला पुसणं म्हणतात? दादा म्हणाला असता. चिंधी फेकून मारली असती.)

पुसून कोरडं केलं होतं, म्हणजे नवं तेल कुठून येतं ते दिसावं.

दिसलं. तेल टपकत नव्हतं. सीलच्या कडेतून ते बाहेर ढकललं जात होतं, बारीक बुडबुडे फोडत. आतून कोणी जोर लावावा तसं.

त्याच्या अंगावर काटा आला. मग डोकं ठिकाणावर आलं. हवा. तापून फुगलेली हवा. ती निघून जायला अ‍ॅक्सलवर बोटभर नळी असते.

वर असते.

इतकी वर्षं दोघे मिळून ही गाडी बघायचे. हा खाली आडवा, दादा चाकावर चढून वाकलेला. वरचं दादाचं, खालचं याचं. शेवटी याने विचारायचं, वरचं झालं? आणि दादाने, झालं. दादा गेल्यावर याने दर वेळी खालचं चोख केलं. वरचं कोणी केलंच नव्हतं.

"वरचं झालं?" त्याने ओठांतल्या ओठांत विचारून पाहिलं.

"                    "

तो बाहेर आला, चाकावर चढला. नळीच्या तोंडात चिंधी ठासलेली होती, तेला-धुळीने लाकूड झालेली. पुराचं पाणी आत जाऊ नये म्हणून. सकाळी काढायची असणार.

पकडीने ओढली. सुस्कारा निघाला, लांब, ऊबदार. दचकून त्याने नळीवर अंगठा दाबला.

"काय आहे, भाऊजी?"

"हवा. दादाने बूच मारलं होतं पाण्यासाठी, काढायचं राहून गेलं. सील चांगलं आहे, वहिनी. आता नाही गळणार."

वहिनीने त्याच्याकडून चिंधी घेतली. मग भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवायला तिने ड्रायव्हरला पिटाळलं, पदर खोचला आणि मिस्त्रीशेजारी चाकावर चढली.

"ही हवा ह्यांनी कोंडलेली?" तिने हळूच विचारलं.

अ‍ॅक्सल त्याने स्वतः तीनदा उघडला होता. आतली हवा फार तर कालची होती.

"हो," तो म्हणाला.

तिने नळीसमोर तळवा धरला. त्याने अंगठा उचलला.