पलटणीचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. माझी दोन्ही तोंडं फाटली आहेत आणि पोटात कोंबड्यांचा दाणा आहे. अरेरे म्हणू नका, मला त्याची चीड येते.

मी मेरठला घडलो. पितळेचं अंग, ताणून बसवलेलं कातडं, असा माझा रुबाब होता. पलटणीच्या बँडात मला वाशीमकडच्या केनवड गावच्या इंद्रभानच्या गळ्यात अडकवलं. हा गडी सगळ्यांसारखा ठेका धरायचा आणि मध्येच एक ठोका गाळायचा. त्या रिकाम्या जागेत स्वतःशी गुणगुणायचा. सुभेदाराने त्यासाठी त्याला भर उन्हात मैदानाभोवती पळवलं, तरी खोड गेली नाही.

एकाहत्तरच्या लढाईत बँडवाल्यांना जखमी उचलायला लावलं. इंद्रभानने उचललेले बरेचसे वाटेतच गेले. लढाई संपली तेव्हा त्याच्या मनाने घेतलं होतं, आता हुकमावर वाजवायचं नाही, आपलं गाणं गायचं. फौजेतून नाव काढून तो गावी आला. मीही बाद झालो होतो, त्याने मला लिलावात सोडवून आणलं.

त्याचा बाप ग्यानबा मला पाहून दारातच थबकला. पूर्वी गावाबाहेरच्या या वस्तीतल्या माणसांना गावाने बोलावलं की वरातीपुढे डफडं वाजवत चालावं लागे, शिळ्या भाकरीवर. छप्पन साली बौद्ध झाल्यावर ग्यानबाने डफडं विहिरीत टाकलं होतं.

"काहून रे, पेन्शनीची नोकरी सोडली अन् हे गळ्यात बांधून आला?"

"बाबा, हा पलटणीचा ढोल आहे. मी याच्यावर गाणं म्हणतो. आपल्या माणसाचं."

ग्यानबा त्याच्याशी बोलेनासा झाला. पण वस्ती ऐकू लागली. तो गाळलेला ठोका आता पोरं टाळीने भरायची, बाया काम टाकून उभ्या राहायच्या. गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या वाशीमच्या गायन पार्टीचे उकंडराव एकदा येऊन ऐकून गेले. म्हणाले, "रविवारी ढोल घेऊन वाशीमले ये. लोक बसले तर तू आमचा." इंद्रभान त्या रात्री झोपला नाही. त्याला जन्मात एवढंच हवं होतं.

शनिवारी मारोतरावांनी त्याला वाड्यावर बोलावलं. जमीनदार माणूस, घरी पोरीचं लग्न.

"परवा वरातीपुढं वाजव."

"मांडवात बसवा, गातो. वरातीपुढं नाही चालत."

"तुहा आजा चालला, बाप चालला. तुले पालखी लागते काय?"

"नाही म्हणलं ना, मालक."

मी त्याच्या खांद्यावर होतो, शब्द न् शब्द ऐकला. घरी येऊन त्याने मला खुंटीला टांगलं आणि वाशीमला सोबत येणाऱ्या पोरांना सांगायला गेला. तेवढ्यात ग्यानबा शेतातून आला आणि मागोमाग मारोतरावांची बैलगाडी दारात थांबली. ते हसत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ग्यानबा, पोरगं कामाचं निघालं बाप्पा. परवा आमच्या वरातीपुढं वाजवतो म्हणते."

गाडी निघून गेली. वस्ती ग्यानबाकडे पाहत राहिली. त्याने मला खुंटीवरून काढलं, अंगणात ठेवलं आणि कुऱ्हाड घातली. एक तोंड फाटलं, मग दुसरं, मग पितळ चेपलं. तो रडत होता आणि घाव घालत होता.

इंद्रभान परतला तेव्हा मी उपडा पडलो होतो.

"मी त्याले नाही म्हणून आलो बाबा. तुमालेच सांगाले येत होतो. म्हटलं, आज तरी माह्याशी बोलसान."

ग्यानबाच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली.

रविवारी इंद्रभान मोकळ्या हाताने वाशीमला गेला. सोबतची पोरं परत येऊन सांगत होती, माझ्याविना त्याला ठेका सापडेना. लोक उठून गेले. आता तो तिथेच कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर खाकी घालून उभा असतो आणि आलेल्या गाडीला सलाम ठोकतो. गावी येत नाही. ग्यानबा रोज माझ्यातून मूठभर दाणा काढतो, कोंबड्यांना टाकतो आणि माझ्याकडे न पाहता आत जातो.

मित्रांनो, ढोल जपा, त्याला उन्हात ठेवू नका, हे तुम्हाला गुरुजी सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. घरच्या माणसाबद्दल परक्याने दारात येऊन काही सांगितलं, तर आधी घरच्याला विचारा. ग्यानबाने "खरं काय रे?" एवढं विचारायला हवं होतं. इंद्रभान चार घरं पलीकडेच होता.