पाण्यावरचा संशय

मार्गशीर्षातले ऊन. कृष्णेच्या वाळूवरून उठलेले, धुक्याची दुलई सारून आलेले, कोवळे, हळदुले ऊन. रुग्णालयाच्या खिडकीतून ते आत आले आणि उंच टांगलेल्या सलाईनच्या बाटलीत उतरले. बाटली उजळली. थेंब न् थेंब उजळला. रंगरावांची मुद्रा तेवढी काळवंडली.

घशाच्या कर्करोगावरच्या औषधाची आज दुसरी पाळी. किरणांच्या शेकाने गळा सोललेला; पाण्याचा घोटही बाभळीच्या काट्यासारखा उतरे. पण काट्याहून शंका अणकुचीदार. मागल्या खेपेस त्यांनी पाहिले होते: औषधाची पिशवी एवढीशी, तिच्याआधी पाणी, तिच्यानंतर पाणी, नुसते पाणी.

उभा जन्म त्यांनी डेअरीवर दूध तपासण्यात घातलेला. शुभ्र, फेनिल, निरागस दुधात दडलेले पाणी हुडकणारी ती नजर. त्या नजरेला पाणी म्हणजे लबाडी.

"पाणी मारत्यात औषधात," ते फाटक्या आवाजात बायकोला म्हणाले.

"मग लॅक्टोमीटर सोडून बघा की बाटलीत!" हौसाबाई हसल्या.

रंगराव हसले नाहीत. सिस्टरची पाठ फिरली, तसा अंगठा नळीवरच्या चाकावर गेला. चाक फिरले. थेंब थबकला.

ऊन भिंतीवर चढले. सिस्टरने मापाचे भांडे पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"लघवी एवढीच, आजोबा? आणि अशी गुळवण्यासारखी? मग औषध लावता येणार नाही. मूत्रपिंडं जातील तुमची. डॉक्टरांना विचारून येते."

बघा, आता औषधच दडवले! संशयाला संशयाचा कोंब फुटला.

पण हौसाबाईंची नजर बाटलीवर खिळली होती. मघाची पातळी, आत्ताचीही तीच. नजर नळीवर उतरली, नळीवरून चाकावर, चाकावरून नवऱ्याच्या अंगठ्यावर. त्या अंगठ्याला त्या चांगल्या ओळखून होत्या.

"चाक तुम्ही फिरवलंसा?"

रंगराव नदीकडे पाहू लागले.

"अवो, दुधाचा कॅन रिकामा झाला की काय करत हुतासा?"

"विसळत हुतो."

"न विसळता ठेवला तर?"

"आंबतोय. पुढचं दूधबी नासवतोय."

"मग हे जहाल औषध ज्या वाटंनं भाईर पडायचं, ती वाट कोण विसळणार? तुमच्यानं तर घोट गिळवत न्हाई!"

दारात सिस्टरची पावले वाजली, तेव्हा रंगरावांनी तो अंगठा वर केला, चूक केलेल्या पोराने बोट वर करावे तसा.

"चाक मीच बंद केलतं, पोरी."

"बरं झालं बोललात. आता तो हात चादरीखाली!"

पुन्हा थेंब. थेंबामागून थेंब. भांड्यातला काळवटलेला रंग फिका होत गेला. मग औषध आले, गेले. आणि त्याच्यामागून पुन्हा पाणी, पाणी, पाणी.

कलत्या उन्हात रंगरावांनी मापाचे भांडे उजेडाला धरले. जन्मभर दूध धरले तसेच. एक डोळा बारीक केला. आत फिकट, नितळ, निखळ पाणी.

"लई पाणी हाय गं," ते पुटपुटले. उभ्या जन्मात पहिल्यांदा समाधानाने.

खिडकीबाहेर कृष्णा वाहत होती. काठ विसळीत, वाळू विसळीत, संथ, सोनेरी, संथ.