आपलं यान बरं आहे ना?

धूमकेतूकडे निघालेल्या यानाची चौकशी करायला अंतराळ केंद्रात लोकांसाठी एक फोन ठेवला होता. तो उचलायचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. शाळेतली पोरं शेपटीची लांबी विचारायची. शिवणकाम करणाऱ्या एक काकू मात्र दर सोमवारी मशीन थांबवून फोन करायच्या आणि विचारायच्या, “आपलं यान बरं आहे ना?”

बहीण आधी वैतागायची. मग यान सूर्याआड गेलं आणि तीन आठवडे संपर्क तुटला. काकूंचा आवाज रडवेला झाला.

“काकू, सूर्य मध्ये आलाय, एवढंच. ते ठणठणीत आहे,” बहिणीने समजूत घातली, पण आता तिलाच चैन पडेना. रोज सकाळी ती शास्त्रज्ञांच्या खोलीत डोकावू लागली.

यान धूमकेतूपाशी पोचलं त्या दुपारी केंद्रातले सगळे फोन खणखणत होते. तिने ते वाजू दिले आणि आधी काकूंचा नंबर फिरवला.

“काकू, पोचलं! फोटोसुद्धा पाठवलाय!”

काकू नाक ओढत म्हणाल्या, “बरं झालं गं बाई. आता तू दोन घास खाऊन घे. सकाळपासून उपाशी असशील.”

ती खरंच उपाशी होती.