ऋषीच्या भाजीचे हातमोजे

माझ्या हातांचं काय करायचं, यावर आमच्या घरात प्रत्येकाला मत होतं. मला मात्र कोणी विचारत नव्हतं.

अळवाच्या पाटात बसले की तळहात लाल व्हायचे. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या यायच्या, त्या फुटायच्या आणि कातडी किसणीसारखी व्हायची. चिंच चोळून झाली, खोबरेल झालं. तेवढं मी सोसलंही असतं. पण सकाळी उत्तराला तेल लावायला घेतलं की माझी पोर अंग चोरायची आणि रडायची. तिच्या पाठीवर माझ्या हाताचे ओरखडे उठायचे. शेवटी सासूबाई तिला पायांवर घेऊ लागल्या आणि मी शेजारी तेलाची वाटी धरून बसू लागले. लेक माझी आणि तिला हात लावायची मला चोरी.

डॉक्टर म्हणाले, मातीत हात घालू नका. हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग ऋषिपंचमीला मी काय खाऊ? डॉक्टरांच्या पुड्या?"

त्या दिवशी त्या बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घालत नाहीत. नांगर न लावता, माणसाच्या हातानं पिकवलेलीच भाजी चालते. बाजारातलीवर त्यांचा विश्वास नाही. म्हणून आमच्या डोंबिवलीच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणावर पडवळ, कडेनं भेंडी आणि लाल माठ. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा खुरपं माझ्याकडे.

ह्यांना सांगितलं, तर हे कल्याणच्या रेल्वे शेडमधून जाड हातमोजे घेऊन आले.

"घालून बघ. ह्यातून निखारासुद्धा लागत नाही."

"मला निखारे कुठे खुरपायचेत?"

एका मोज्यात माझे दोन्ही हात मावले असते. गवत धरायला गेले आणि भेंडीचं रोपच उपटून आलं. ते परत खोचत होते, तेवढ्यात सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या.

"कशाचे गं ते?"

"चामड्याचे."

"कोणाच्या चामड्याचे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पडवळाकडे बघत राहिले.

"बैलाचंच असणार," सासूबाई म्हणाल्या. "त्याला राबवायचं नाही म्हणून ही भाजी, आणि तू त्यालाच हातात घालून खुरपतेस."

मोजे शेडमध्ये परत गेले. मग मी ह्यांच्या जुन्या खाकी पँटचे शिवले. अळवाचा चीक त्यांत मुरला आणि तसाच हाताला चिकटून बसला. दिवसभर खाजवत होते. मग ह्यांनी ठाण्याहून रबरी आणले.

सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. "आणि हे कशाचं?"

"झाडाचा चीक असतो आई, वाळवलेला."

"झाडाचा असेल तर चालेल."

त्यांना चालले, मला नाही. आत घामाचं डबकं. मोजे ओढून काढले तर बोटं पाण्यात विसरलेल्या पावासारखी आणि पुळ्या दुपटीनं.

"जरा सवय कर," हे म्हणाले.

"तुम्ही करा ना. तुमचे हात तर दगडासारखे आहेत."

"मला शेडला जायचंय."

मी मोजे ओट्यावर आपटले. "चामडं आईंना चालत नाही, कापडातून चीक येतो, रबरात मी शिजते. आता पितळेचे घडवून आणा."

उत्तरा सतरंजीवरून सरपटत माझ्याकडे आली आणि घे म्हणून हात वर केले. मी माझे हात पदराखाली ओढून घेतले. ती थोडा वेळ पदराकडेच बघत राहिली.

सासूबाईंनी ते पाहिलं. भिंतीला धरून उठल्या आणि ट्रंकेतून आपलं विरलेलं लुगडं काढलं. उत्तराची दुपटी त्याचीच केलेली. टर्रकन फाडून तुकडे माझ्यापुढे टाकले.

"ह्याचे मोजे शिवून आत घाल. वरून ते रबर. आतले भिजले की बदलायचे."

मी अजून धुसफुसतच होते. "कापसाच्या शेतातही नांगर चालतो, आई."

"मी काय लुगडं खाणार आहे? शीव गुमान."

तेव्हापासून वाळत घालायच्या दोरीवर उत्तराच्या लंगोटांशेजारी माझे मोजे. शेजारची गोदा विचारते, "काय गं, बाहुलीचे कपडे शिवलेस का?" तिला काय सांगायचं.

पंचमीच्या आदल्या सकाळी सासूबाई नेहमीसारख्या पाय पसरून पाटावर बसल्या. मी उत्तराला त्यांच्याकडे द्यायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरून उलटा केला. अंगठा तळव्यावरून फिरवला, बेचक्यांतून फिरवला. मग पाय आखडून घेतले.

"घे. तुझी तू लाव."

मी पाय पसरले. पहिल्या हाताला उत्तरानं अंग चोरलं. मी थांबले. पुन्हा हात फिरवला तशी ती सैल पडली आणि माझ्या पोटरीवर लाथा झाडायला लागली.

"अळू काढायचं राहिलंय अजून," सासूबाई म्हणाल्या.

"काढते," मी म्हटलं आणि तेलाची वाटी आणखी जवळ ओढली.