फ्रीडाने बिऱ्हाड हलवलं

इंटरनेट कंपनीकडून आलेल्या तविताने एक पाय शिडीवर ठेवला, तेवढ्यात फ्रीडा कोवाल्डने खालून शिडीच ओढली. तो कसाबसा सावरला.

"मावशी, अहो पडेन ना मी!"

फ्रीडाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण ओठ ती लख्ख वाचायची. तिने हातवारे करून त्याला काहीतरी ठणकावलं. शेजारच्या मर्व्ह पॅस्कोने ही हातांची भाषा तिच्याकडूनच अर्धीमुर्धी उचलली होती. तो घसा खाकरून म्हणाला, "ती म्हणते, एवढ्या लांब आलात, आभारी आहे."

फ्रीडाने मर्व्हच्या दंडावर चापट मारली. 'मी असं म्हणाले नाही. नीट सांग.'

"बरं बाई. ती म्हणते, ही थाळी उचल आणि चालता हो. नाहीतर हिच्यात कुत्र्याला वाढीन."

थाळी म्हणजे उपग्रहाच्या इंटरनेटचा अँटेना. आजवर फ्रीडाचं इंटरनेट टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून यायचं. पाऊस पडला की तारेचे सांधे भिजायचे आणि पडद्यावरचं चित्र थिजायचं. आता कंपनीने बर्रा गावात फायबर टाकली, आसपासच्या मेंढ्यांच्या रानांना टेकडीवरच्या मनोऱ्यातून रेडिओलहरींवर इंटरनेट दिलं, आणि उरलेल्यांच्या वाट्याला उपग्रह आला.

मर्व्हकडे उपग्रहच होता आणि तो खूश होता. लोकरीचे भाव बघायला काय लागतं? पण फ्रीडाने त्याच्याकडे बसून होबार्टच्या बहिणीशी व्हिडिओवर हातांनी बोलून पाहिलं होतं. हेडीही बहिरीच. संदेश आभाळात जाऊन परत यायचा, त्यात क्षणभर उशीर. हेडीचे हात थांबलेले पाहून फ्रीडा सुरू करायची, तोच तिकडून हेडीचे हात हलायचे. दोघी थांबायच्या. पुन्हा दोघी एकदम सुरू. शेवटी वैतागून हेडीने पडदाच बंद केला होता. तिचा नवरा ओट्टो नुकताच गेला होता, आणि आता त्या घरात तिच्याशी हातांनी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

"मनोऱ्याचं द्या की हिला," मर्व्ह म्हणाला.

"त्यासाठी घरावरून मनोरा दिसावा लागतो. मावशींचं घर खोलगटात आहे."

फ्रीडाने वरच्या टेकाडाकडे बोट केलं. तिथे पत्र्याची खोली होती. मेंढ्यांची लोकर कातरायला येणारे त्या हंगामात तिथे उतरायचे.

"तिथून दिसेल," तविता म्हणाला. "पण कनेक्शन राहत्या घरालाच मिळतं. तिथे राहतं कोण?"

फ्रीडाने एकदा खाली आपल्या घराकडे पाहिलं. आईची चूल, आईनेच लावलेलं लिंबाचं झाड. मग तिने छातीवर बोट ठेवलं.

'मी.'

मर्व्हने याचं भाषांतर केलंच नाही. "डोकं फिरलंय का तुझं? भिंतीतनं वारा येतो तिथे. संडास बाहेर!"

'सांग त्याला.'

तविताने ऑफिसला फोन लावला. तिथला साहेब म्हणाला, तात्पुरता मुक्काम चालणार नाही.

फ्रीडा हसली. 'माझं वय अडुसष्ट. यापुढे सगळं तात्पुरतंच आहे.'

त्याच आठवड्यात मर्व्हच्या ट्रेलरवरून पलंग, टेबल, किटली आणि कोंबड्यांचं खुराडं वर गेलं. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पहाटे बादलीतलं पाणी गोठायचं. अंगावर दोन कोट चढवूनही फ्रीडाचे हात इतके आखडायचे, की बोटं मोकळी व्हायला तिला आधी कप धरून बसावं लागायचं. ऑफिस ढिम्म होतं. मर्व्ह रोज सकाळी दारात येऊन उभा राहायचा.

"बास झालं आता. घरी चल."

'घरीच आहे. पाय पूस आणि आत ये.'

अखेर ऑफिसचा साहेब ॲडलेडहून स्वतः बघायला आला. खोली रिकामी सापडेल, अशीच त्याची खात्री असावी. फ्रीडाने त्याला चहा आणि वर लोणी-साखरेचा चुरा पसरलेला श्ट्रॉयझेल केक दिला.

"तुम्ही खरंच इथे राहता?" त्याने विचारलं.

फ्रीडाने दोरीवर वाळत घातलेल्या आपल्या चड्ड्यांकडे बोट केलं.

"हे काही मी तोंडाने सांगायला नको," मर्व्ह म्हणाला. साहेबाने मान खाली घालून सही केली.

तविता मनोऱ्याच्या लहरी पकडणारा चौकोनी अँटेना घेऊन आला, तेव्हा फ्रीडाने स्वतः शिडी धरली. काम झाल्यावर तिने व्हिडिओ सुरू केला आणि पडद्यावर हेडी आली.

'मागे पत्रा कसला? आईचं एवढं चांगलं घर सोडून तू...'

'आधी माझं ऐक...'

'कायम तुझंच ऐकायचं! लहानपणापासून!'

दोघींचे हात एकमेकींना मध्येच तोडत, जेवणाच्या टेबलावर चालायचे तसे चालू लागले.

"मावशी भांडतायत का?" तविताने हळूच विचारलं.

"कडाकडा," मर्व्ह म्हणाला. "मला निम्मंसुद्धा कळत नाहीये."

मग हेडीचे हात मंदावले. ती ओट्टोच्या शेवटच्या सकाळबद्दल सांगू लागली, आणि फ्रीडाचे हात मांडीवर स्थिर झाले. थोड्या वेळाने ती उठली, दोघा पुरुषांना खांद्याला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.