काकू फार बोलक्या आहेत

"काकू, तुमच्याशी बोलून इतकं हलकं वाटलं ना!" पाठीवर भलीमोठी सॅक चढवता चढवता पाहुणी मुलगी म्हणाली आणि तिनं दारातच काकूंना मिठी मारली. "काल दुपारी तुम्ही माझ्यापाशी बसला नसतात, तर मी अर्ध्या वाटेतूनच परत फिरले असते."

काकूंचे हात नुसते लोंबत राहिले. काल दुपारभर त्या मागच्या खोलीत दार लावून मेणात दात बसवत होत्या. एका म्हाताऱ्या मास्तरांची कवळी संध्याकाळी द्यायची होती. या मुलीशी त्या कामापुरतं एखादं वाक्य बोलल्या असतील, बस.

"काय बोलले मी?"

"असं काय करता काकू! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं होतं तुमच्या."

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाल्या काकू म्हणत. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि काकू दात बनवून देत. निम्मं गाव त्यांच्या दातांनी हसायचं. त्या स्वतः हसल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. बोलणं हे खातं काकांचं. वाटसरूंना फुकट उतरवून घेणाऱ्यांच्या वेबसाइटवर घराचं नाव त्यांनीच घातलं होतं. काका गेले, पाहुणे येत राहिले. नाही म्हणायचं तर चार वाक्यं लिहायला लागली असती. त्यापेक्षा चादरी धुणं काकूंना सोपं वाटायचं.

मुलगी जरा भ्रमिष्ट असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. पण पुढे आलेल्या सायकलवाल्यानं निघताना अंगाईबद्दल आभार मानले. ती अंगाई काकूंनी लेक मोठी झाल्यावर पुन्हा कधी म्हटली नव्हती. वेबसाइटवर पाहिलं, तर एकानं लिहिलं होतं, 'काकू फार बोलक्या आहेत.' खाली दुसऱ्यानं, तिसऱ्यानंही तेच.

एका दुपारी काकूंनी कवळी घासायचं मशीन बंद केलं, तेव्हा पुढच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. आवाज त्यांचाच होता, पण ऊन दिलेल्या गोधडीसारखा ऊबदार. त्यांनी दार उघडलं. पाहुणा एकटाच बसला होता.

"एवढ्यात परत आलात? चहा टाकायला गेलात ना?" त्यानं विचारलं.

समोरच्या खुर्चीतली गादी खोल दबली होती. बघता बघता ती हळूच फुगून वर आली.

काकूंना भीती वाटलीच; पण त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. आपल्याच घरात, आपल्याच नावानं कुणीतरी संसार मांडला होता, आणि तो आपल्यापेक्षा चांगला चालला होता. वेबसाइटवरून नाव काढूनच टाकायचं, असं ठरवून त्या बसल्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा गेले आणि तू रडलीसुद्धा नाहीस," असं तोंडावर म्हणून ती गेली होती, ती पुन्हा घरी आलीच नव्हती.

"आई, तू त्या सॅकवाल्या मुलीबरोबर निरोप पाठवलास?"

"कसला निरोप?"

"ती इकडे आली होती. माझा पत्ता तूच दिलास म्हणाली. बाबा गेले त्या दिवशी तू मागच्या खोलीत मशीन चालू करून बसलीस, ते रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. खरं आहे का हे?"

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग मला का नाही बोललीस गं?" मग लेकच म्हणाली, "रविवारी येते मी."

रविवारी सकाळपासून काकू वाक्यं घोकत होत्या. दुपारी लेक आली. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं तिच्या. दोघी दारात उभ्या राहिल्या.

"जेवून आलीस का?" काकूंच्या तोंडून निघालं.

लेकीचा चेहरा उतरला. "हो. गाडीत खाल्लं."

"चहा टाकते," म्हणत काकू स्वयंपाकघरात पळाल्याच. आधण ठेवलं, साखर घातली, आणि पुढच्या खोलीतून त्यांचाच आवाज आला.

"ये गं, अशी जवळ बस. किती वाळलीस!"

लेकीचा हुंदका ऐकू आला. मग सकाळपासून घोकलेलं एकेक वाक्य, काकूंना जमलं नसतं इतक्या सहज, बाहेर बोललं जाऊ लागलं. मध्येच लेक हसली. लहानपणी हसायची तशी, खळखळून.

काकू पडद्यापर्यंत गेल्या. पडदा हातात धरला. आपण आत पाऊल टाकलं की ती खुर्ची रिकामी दिसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"आई, अजून सांग ना," लेक म्हणत होती.

काकूंनी पडदा सोडला. चहाला उकळी आली होती. त्यांनी गॅस अगदी बारीक केला आणि ओट्याला टेकून, आवाज न करता, उभ्या राहिल्या.